पेश्टिगोची रात्र

ता. ८ ऑक्टोबर १८७१ रोजीं शिकागोस लागलेली आग सर्वांस ठाऊक आहे. त्याच रात्रीं उत्तरेस, विस्कॉन्सिनच्या अरण्यांतील पेश्टिगो हें गांव वणव्यांत नाहींसें झालें, याची आठवण मात्र थोड्यांनाच आहे. शिकागोंत सुमारें ३०० माणसें दगावलीं. इकडे निदान १,२००.

पाऊस कित्येक महिने जवळजवळ नव्हताच. शेतकरी व रेल्वेचे मजूर तोडलेलीं झाडेंझुडपें जाळीत. त्या धुराची गांवाला संवय झाली होती, आणि ही संवयच घातक ठरली! घरें लांकडाचीं, पायवाटाहि लांकडाच्या, जिकडेतिकडे करवतीचा भुसा. वादळी वारा सुटला तेव्हां सामान आवरण्यास अवधि कोठला? आईबाप मुलें उचलून नदीकडे धांवले. पीटर पर्निन हे पाद्री त्यांच्यांतच होते. त्यांनीं पुढें लिहून ठेविलें, कीं ज्वाला पाण्यावरूनहि सळसळत, आणि माणसें एकमेकांच्या डोक्यावर सारखें पाणी मारीत तासन् तास उभीं होतीं. पहांटे तीं बाहेर आलीं तों थंडीनें काकडलेलीं. आगीनें तापलेल्या वाळूवरच कित्येकांनीं अंग टाकलें.

सुमारें ३५० प्रेतें एकाच खड्ड्यांत पुरावीं लागलीं. त्यांना ओळखणारें घरचें कोणी उरलेंच नव्हतें.