फ्लोरिडातील ५३७ मते



भाषेच्या प्राध्यापकाने मतमोजणीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ७ नोव्हेंबर २००० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ज्या फ्लोरिडा राज्यावर सारे अडले, तेथील तंटा मला मुळात वाचनाचाच तंटा वाटतो.

त्या रात्री आठ वाजण्यापूर्वीच वाहिन्यांनी तेथे अल् गोर यांचा विजय जाहीर केला. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ तासभर मागे असते. तेथे मतदान अजून चालू होते! दहाच्या सुमारास हा निर्णय मागे घेतला गेला. उत्तररात्री सव्वादोनला फॉक्स वाहिनीने जॉर्ज बुश यांना विजयी ठरविले आणि चार-पाच मिनिटांत इतर मोठ्या वाहिन्यांनी तीच री ओढली. या सर्वांना आकडे पुरविणारी संस्था एकच, सामाईक होती. मुखे अनेक, साक्षीदार एक. गोर यांनी दूरध्वनीवरून बुश यांचे अभिनंदन केले. पराभव मान्य करणारे भाषण करण्यास ते निघालेही. बुश यांची आघाडी झपाट्याने घटत असल्याचे वाटेत कळले, तेव्हा त्यांनी पुन्हा दूरध्वनी करून शब्द मागे घेतला.

मला हा क्षण निर्णायक वाटतो. अधिकृत निकाल लागलेला नव्हता. तरी पुढील ३६ दिवस बुश ‘जिंकलेले’ आणि गोर निकाल ‘मोडू पाहणारे’ असेच चित्र राहिले. ताबा आधी दिला गेला, दस्तऐवज नंतर तपासायला घेतला.

तो दस्तऐवज तरी कसा? अनेक ठिकाणी मतदाराने पत्रिकेला टोचून भोक पाडायचे असे. कागदाचा कपटा पुरता न सुटता लोंबकळला, किंवा नुसताच खळगा पडला, तर यंत्र ते मत बहुधा मोजत नसे. कायदा म्हणे, मतदाराचा हेतू पाहा. पण कोणता खळगा म्हणजे हेतू, याचा राज्यभर एक निकष नव्हता. (आपल्याकडील शिक्क्याच्या मतपत्रिकेत घडीमुळे उमटलेला ठसा उलटा दिसे, म्हणून मूळ खूण ओळखू येई. साधी, पण शहाणपणाची योजना!) जुन्या पोथीत हा अनुस्वार की शाईचा ठिपका, हे ठरविताना संहिताचिकित्सकही असाच अडतो; मात्र त्याला मुदत नसते. येथे मुदत होती. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबविली आणि सुमारे ६० लाख मतांतील ५३७ चा फरक कायम झाला.

२००१ मध्ये वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन १,७५,००० हून अधिक बाद पत्रिका तपासून घेतल्या. न्यायालयाने थांबविलेली फेरमोजणी पूर्ण होती, तरी बहुधा बुशच जिंकते. राज्यभरातील सर्व बाद पत्रिका वाचल्या असत्या, तर गोर किंचित पुढे जाते. काही मतदारांनी भोक पाडून शिवाय त्याच उमेदवाराचे नावही लिहिले होते. यंत्राने ती दोन मते समजून पत्रिका बाद केली. अशा पत्रिका वाचाव्यात, अशी मागणी गोर यांच्या वकिलांनी न्यायालयात केलीच नव्हती.