मालदांडी, हायब्रीड आणि भाकरीचे मोजमाप

१/
धाराशिव जिल्ह्यात नवी ज्वारी घरात आली की तिची खरी परीक्षा परातीत होते. पीठ मळताना चिकटून येते का? थापताना कडेला चिरा पडतात का? भाकरी टम्म फुगते का? सकाळी केलेली भाकरी संध्याकाळी मऊ राहते का? या परीक्षेची लेखी नोंद शतकानुशतके कोणी ठेवली नाही. विसाव्या शतकात मात्र तीच परीक्षा ग्रॅम, मिलिलिटर आणि सेंटिमीटरमध्ये मांडावी लागली. ती वेळ का आली, याचा हा इतिहास.

२/
धान्याचे गणित आपल्याकडे नवे नव्हते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) राशिव्यवहार नावाचे प्रकरण आहे. खळ्यावरच्या धान्याच्या राशीचा परीघ दोरीने मोजायचा, त्याचा सहावा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला राशीच्या उंचीने गुणायचे. जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरलेली आहे. म्हणजे परीघ ३० हात असेल, तर उंची ३ हात; ५ चा वर्ग २५, त्याला ३ ने गुणून ७५ खारी धान्य. राशीत धान्य किती, याचे उत्तर हे गणित चोख देते. त्याची भाकरी कशी होईल, याचे उत्तर त्यात नाही.

३/
धाराशिवमध्ये या दुसऱ्या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे. हा पर्जन्यछायेचा, काळ्या जमिनीचा प्रदेश. पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येथे रब्बी ज्वारी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, थंडीत वाढ आणि कोरड्या हवेत काढणी. उघड्या आकाशाखाली वाळलेला हा दाणा मोत्यासारखा पांढरा राहतो. सोलापूर, बीड, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडचा विजापूर हा सारा पट्टा याच ज्वारीवर जगत आला. दाणा माणसांना, कडबा जनावरांना, असा तिचा दुहेरी हिशेब होता.

४/
या पट्ट्यातील सर्वांत नावाजलेले वाण म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण पुढे आणले गेले. तेव्हा सोलापूर मुंबई इलाख्यात होते आणि धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ज्वारीला मात्र ती सरहद्द लागू नव्हती. उंच ताट, भरपूर कडबा, कमी ओलीत तग धरण्याची ताकद आणि चमकदार टपोरा दाणा, या गुणांवर हे वाण साऱ्या रब्बी पट्ट्यात रुजले.

५/
स्वातंत्र्यानंतर देशापुढचा पहिला प्रश्न ‘किती’ हाच होता. धान्य आयात करावे लागत होते. अशा काळात, १९६४ मध्ये, भारताचे पहिले व्यापारी संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले : सीएसएच-१. बुटके ताट, लवकर येणारे पीक आणि खताला भरघोस प्रतिसाद. एकरी उत्पन्नाच्या हिशेबात गावरान ज्वारी त्याच्यापुढे टिकत नव्हती. आकडे निर्विवाद होते.

६/
तक्रार आली ती चुलीपुढून. हे खरीप पीक लवकर पक्व होई आणि पुष्कळदा दाणा भरताना पाऊस चालूच असे. ओल्या कणसांवर बुरशी चढे, दाणा काळवंडे. त्याची भाकरी मळकट दिसे, लवकर कडक होई आणि चवीलाही उतरत नसे. बाजारातही अशा ज्वारीला मालदांडीपेक्षा कमी भाव मिळे. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी बोलीत दिसायला भरघोस पण कसाला न उतरणाऱ्या गोष्टीचे विशेषण होऊन बसला, तो याच काळात.

७/
या तक्रारीला चोचले म्हणून झटकणे सोपे होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. पोटाची आग चवीला थांबत नाही. पण ज्या घरात दोन्ही वेळा भाकरीच मुख्य अन्न आहे, तेथे तिची प्रत ही चैनीची बाब नसते. सकाळी बांधून नेलेली भाकरी दुपारी शेतात मोडता आली पाहिजे. शेतकऱ्याला घरी खाववत नाही आणि बाजारात विकवत नाही असे पीक त्याने का पेरावे, हा प्रश्न शेवटी उत्पादनाच्या आकड्यांपर्यंतच पोहोचत होता.

८/
मग प्रत मोजायची कशी? गव्हासाठी उत्तर तयार होते. पाश्चात्त्य बेकऱ्यांत पिठाचे वजन १०० धरून पाणी, मीठ, यीस्ट यांचे प्रमाण शेकड्यात मांडण्याची पद्धत रूढ होती. कणीक मळताना होणारा विरोध कागदावर आलेखाने नोंदवणारी फॅरिनोग्राफसारखी यंत्रे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच युरोपात आली होती. पण ही सारी मोजणी ग्लुटेनभोवती फिरते. गव्हाच्या प्रथिनांचे ते लवचीक जाळे ज्वारीत तयारच होत नाही. गव्हाच्या मापाने ज्वारी मोजली, तर ती केवळ ‘निकृष्ट गहू’ ठरते.

९/
ज्वारीचे पीठ धरून ठेवणारी शक्ती वेगळी आहे आणि ती मराठी स्वयंपाकघराला शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होती. भाकरीसाठी आधणाचे पाणी घेतात. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ज्वारीतील पिष्टकण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. तेच पिठाला बांधतात. पीठ जुने झाले की त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरीला चिरा पडतात, म्हणून पीठ थोडे थोडेच दळून आणायचे. पाणीही एकदम ओतायचे नाही. एकेका भाकरीपुरते पीठ मळत हाताला जाणवेल तसे वाढवायचे. पोळीच्या कणकेपेक्षा ते बरेच अधिक लागते. हे सारे मोजमापच होते. त्याची एकके तेवढी हातात होती.

१०/
ही हातातली एकके कागदावर आणण्याचे काम हैदराबादजवळ पाटणचेरूला झाले. कोरडवाहू पिकांसाठीची ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था तेथे १९७२ मध्ये स्थापन झाली होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये संस्थेने ज्वारीच्या दाण्याच्या प्रतीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद घेतला. त्यात डी. एस. मूर्ती आणि व्ही. सुब्रमणियन यांनी ज्वारीच्या रोटीवर, म्हणजे आपल्या भाकरीवर, निबंध मांडला. तिचा विषय दुहेरी होता : ज्वारी खाण्याच्या पारंपरिक पद्धती आणि भाकरी पारखण्याची प्रमाणित रीत. आधी घरातली पद्धत समजून घ्यायची, मग प्रयोगशाळेतली ठरवायची, असा तो क्रम होता.

११/
प्रयोगशाळेतली रीत पाहिली की परातच आठवते. ठरावीक वजनाचे पीठ घ्यायचे. मळून गोळा होईपर्यंत पाणी मोजून घालायचे. लागलेले पाणी हा पहिला आकडा. मग गोळा फाटेपर्यंत पसरवत न्यायचा. तोपर्यंत गाठलेला व्यास हा दुसरा आकडा. जितका मोठा व्यास, तितका पिठाला बांध चांगला. पुढे भाजलेल्या भाकरीचा रंग, पोत, वास, चव आणि ठेवल्यावरची स्थिती यांना चाखणाऱ्यांच्या गटाने गुण द्यायचे. ‘चिरा पडतात का?’ या प्रश्नाचे उत्तर आता सेंटिमीटरमध्ये मिळत होते.

१२/
आणि तुलनेसाठी प्रमाण कोणते? मालदांडी ३५-१. जगभरातून गोळा केलेल्या ज्वारीच्या वाणांची भाकरी मोहोळच्या या दाण्याशी ताडून पाहिली गेली. त्यातून चांगल्या भाकरीची लक्षणे स्पष्ट झाली. दाणा पांढरा आणि टरफलाखाली रंगीत थर नसलेला हवा. आतला गर पूर्ण काचेसारखा कठीण नको आणि पूर्ण पिठूळही नको, मधला हवा. मेणचट पिष्टाच्या वाणांची कणीक अतिचिकट होते, म्हणून तेही नकोत. सोलापूर-धाराशिवच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे निवडले होते, त्याचेच हे वर्णन होते.

१३/
या मोजमापाने पैदासकारांची कसोटी बदलली. नव्या वाणाची शिफारस करताना उत्पन्नाबरोबर दाण्याची आणि भाकरीची प्रतही पाहिली जाऊ लागली. तरीही वाट सोपी नव्हती. सीएसएच-८आर सारखी खास रब्बीची संकरित वाणे आली, पण मालदांडीला ती हटवू शकली नाहीत. खोडमाशी, थंडी, कमी ओल, दाण्याची चमक आणि कडबा, अशा साऱ्या परीक्षांत एकाच वेळी उत्तीर्ण होणे कठीण होते. निवड होऊन अनेक दशके लोटली, तरी मालदांडी शेतात राहिली.

१४/
मात्र येथे भाबडा गौरव टाळायला हवा. मालदांडीचे उत्पन्न बेताचे आहे, आणि बेताचे उत्पन्न म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याची बेताची मिळकत. चांगल्या भाकरीची किंमत कोणीतरी मोजतच असतो. म्हणून शोध थांबला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले; त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीपेक्षा हे प्रमाण बरेच अधिक आहे. भाकरीच्या मोजमापात आता पोषणाचा रकानाही आला. दुसरीकडे, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जुन्या प्रतीला कायद्याची ओळख लाभली.

१५/
या इतिहासात विज्ञानाने परंपरेला हरवले नाही की परंपरेने विज्ञानाला. चूक मोजण्यात नव्हती. एकच गोष्ट मोजण्यात होती. एकरी क्विंटल हा आकडा खराच होता, पण अपुरा होता. ज्या दिवशी पाण्याचे मिलिलिटर आणि भाकरीचा व्यास त्याच्या शेजारी लिहिला गेला, त्या दिवशी चुलीपुढच्या बाईचे मत पहिल्यांदा पुराव्यात जमा झाले. प्रयोगशाळेच्या नोंदीत तिचे नाव कुठेच नाही. तिथली प्रत्येक मोजपट्टी मात्र तिच्याच हाताला लावून पाहिलेली आहे.