मानमोडीची साथ आणि आपल्या दिंडीचा जन्म

स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं, "महाराज, दिंडी कशी सुरू झाली ते तुम्ही लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. हातात वीणा नाहीतर नांगर, लेखणी कधी फार धरली नाही. तरी दिंडीची पहिली वही आमच्या घरात आहे, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. गोड मानून घ्यावं.

त्या वहीत पहिल्या आषाढीला निघालेल्या अकरा वारकऱ्यांची नावं आहेत. त्यातल्या सात नावांपुढं "घरी बाईमाणूस नाही" असं लिहिलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, हे भिशीच्या शिध्यासाठी लिहिलं असेल. खरं कारण आजीनं सांगितलं. दिंडीचे पहिले वीणेकरी म्हणजे आजीचे वडील.

१९१८ साली आजी दहा वर्षांची होती. त्या साली पाऊस गेला, ज्वारी हाती लागली नाही, आणि वरून मानमोडी आली. माणसाला ताप यायचा, अंग ठणकायचं, मान टाकून माणूस पडायचा, म्हणून ते नाव. आजीची आई सगळ्या वाड्याला पाणी पाजत फिरली आणि चौथ्या दिवशी स्वतः गेली. आजी म्हणायची, "मढं न्यायला चार खांदेकरी मिळंनात. बापानं आणि चुलत्यानं बाजेवर घालून नेलं."

माझा नातू पुण्याला शिकतो. त्यानं या साथीवरची पुस्तकं वाचून मला समजावलं. ते ऐकून आजीची गोष्ट आमच्या एका गावची नव्हती हे मला कळलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई आधी आजारी पडले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती काळ होऊन आली. मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवसात ७६८ माणसं गेली. आगगाडीनं रोग गावोगाव पोचला. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर मेले. देशात एक कोटीच्या वर, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९२१ च्या शिरगणतीत देशाची माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

नेहमीच्या तापात लेकरं आणि म्हातारी जातात. मानमोडीनं वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेली. आपल्या देशात बाया जास्त गेल्या. अर्धपोटी राहायचं आणि आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, दोन्ही त्यांच्याच वाट्याला होतं. आमच्या वहीतल्या सात नावांचा अर्थ हा आहे माऊली.

हा रोग कशानं होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात म्हणत देवीचा कोप. मोठमोठे डॉक्टर एका जंतूवर आळ घेत होते, तोही चुकीचा निघाला. १९३३ साली विलायतेत तिघा संशोधकांनी आजारी माणसाच्या घशातलं पाणी गाळून फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातलं. त्याला तोच ताप आला. गाळणीतून जंतू जात नाही, मग यातून गेलं ते काय? जंतूहूनही बारीक असा विषाणू. खोकल्या-शिंकल्यानं तो एकाकडून दुसऱ्याकडं जातो. तो दरसाल थोडा अंगरखा बदलतो, म्हणून त्याची लसही बदलावी लागते.

पण मानमोडीचा विषाणू नेमका कसा होता, हे कोडं राहिलंच होतं. आपण आपली माणसं अग्नीला दिली, गंगेला दिली. खूण उरली नाही. खूण उरली ती अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्कात. तिथं जमीन बारमाही गोठलेली असते. ब्रेविग मिशन नावाच्या गावात नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत ८० पैकी ७२ माणसं गेली होती. त्यांना एकाच खड्ड्यात पुरलं होतं. योहान हुल्टिन नावाचा विद्यार्थी १९५१ साली तिथं गेला. गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी काढून त्यानं थडगं उघडलं, पण विषाणू काही जिवंत झाला नाही. तो माघारी आला. १९९७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तो पुन्हा गेला. पुन्हा आधी गावाला विचारलं. यावेळी एका बाईच्या गोठलेल्या फुफ्फुसात विषाणूचे अंश मिळाले. त्यावरून टाउबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ सालापर्यंत त्याची सगळी कुंडली वाचून काढली. शेहेचाळीस वर्षं एका वाटेवर नजर ठेवणं, ही सुद्धा वारीच म्हणायची.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला, तो नात्यानं या मानमोडीच्याच कुळातला. तेव्हा नमुने तपासले ते पुण्यातल्याच विषाणू संस्थेत. १९१८ साली असं ठिकाण आपल्याकडं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. २०२० साली करोना आला. तो विषाणू वेगळा, पण चाल तीच, श्वासातून. पायी वारी थांबली, पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या. तेव्हा मंडळींच्या बैठकीत मी तावातावानं म्हणालो, "शंभर वर्षांची परंपरा मोडायची नाही, होईल ते होवो." दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिली वही काढली. ती सात नावं पुन्हा वाचली. परंपरा परंपरा म्हणून मी भांडत होतो, आणि परंपरा सुरू करणारी माणसं साथीनं मोडलेल्या घरांतून उठून आली होती. ज्यांना खांदेकरी मिळाले नाहीत, त्यांच्या नावानं त्यांनी खांद्यावर पताका घेतली होती. मी बैठकीत जाऊन सगळ्यांची माफी मागितली. त्या आषाढीला मी शेताच्या बांधावर उभं राहून पंढरीकडं तोंड करून हात जोडले.

म्हणून माझी विनंती आहे. दिंडीत कुणाला ताप-खोकला असेल तर लपवू नये. त्यानं तोंडाला रुमाल बांधावा, पंगतीत वेगळं बसावं, डॉक्टरला दाखवावं. विणेकऱ्यानं त्याला कमी लेखू नये. आणि या वर्षीच्या वहीत त्या सात माऊल्यांचीही नावं लिहावीत. मला माझ्या पणजीचं नाव माहीत आहे, ते मी लिहिलं आहे. बाकी सहा घरांनी आपापल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, ती आहेत तोवर.

रामकृष्णहरी.