कानाचे दुसरे काम

फुगडी घालणाऱ्या मुली हात सोडून थांबतात तेव्हा त्यांचे पाय स्थिर होतात, अंगण मात्र काही क्षण फिरतच राहते. ही घेरी येते कोठून? ती कानातून येते, हे उत्तर मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

कान हे ऐकण्याचे इंद्रिय, ही समजूत फार जुनी. सोळाव्या शतकात इटलीतील फालोपियो व युस्ताकी यांनी त्याची रचना बारकाईने वर्णिली. ध्वनीने कानाचा पडदा थरथरतो. हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून ती थरथर आत पोहोचते आणि गोगलगाईच्या शंखासारख्या कर्णावर्तात शिरते. तेथील श्रवणपेशींची सूक्ष्म रचना कॉर्टी याने 1851 मध्ये उलगडून दाखविली. परंतु कर्णावर्ताला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती व जमीन मिळावी, तशा त्या परस्परांशी जवळजवळ काटकोनात असतात. त्यांचे प्रयोजन काय, हे कोणास नीटसे सांगता येत नव्हते.

फ्रान्समधील फ्लूरांस याने पारव्यांच्या या नलिका छेदून पाहिल्या. 1830 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत पारव्यांना ऐकू येत राहिले. तोल मात्र गेला. जी नलिका छेदावी, तिच्याच पातळीत डोके हेलकावे खाई. पुरावा असा समोर असूनही रोग्यांच्या घेरीशी त्याचा संबंध जोडण्यास आणखी तीस वर्षे लागली.

तो संबंध प्रॉस्पेर मेनिएर याने जोडला. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत तो वैद्य होता. एकाएकी घेरी, ओकारी, कानात गुणगुण आणि हळूहळू येणारा बहिरेपणा अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रोग्यांना त्या काळी मेंदूत रक्त साचल्याचे सांगून त्यांचे रक्त काढीत. मेनिएरने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि दुखणे मेंदूत नसून अंतःकर्णात आहे, असे 1861 मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. पुढच्याच वर्षी तो निवर्तला. आज ते दुखणे त्याच्याच नावाने ओळखले जाते.

पुढे 1873 ते 1875 या काळात प्रागमध्ये माख, व्हिएन्नात ब्रॉयर आणि एडिंबरोत क्रम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे एकच उलगडा केला. नलिकांत द्रव असतो. डोके वळले की तो मागे रेंगाळतो, आणि डोके थांबले तरी त्याची ओढ लगेच संपत नाही. फुगडीनंतर अंगण फिरते ते यामुळेच. व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी याच्या ध्यानात आले की, कान धुताना पाणी गार असेल तर रोग्याला घेरी येते व डोळे एका दिशेने हिसके घेतात. पाणी अधिक उष्ण असेल तर ते उलट दिशेने हिसके घेतात. यातून अंतःकर्ण तपासण्याची सोपी रीत हाती आली. या कार्याबद्दल त्याला 1914 चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांनी रदबदली केल्यावर 1916 मध्ये त्याची सुटका झाली.

माझ्या लहानपणी आमच्या आत्याबाईंना अशीच भोवळ येई. घरचे म्हणत, पित्त झाले, आवळा द्या. भोवळ येण्याआधी कानात भुंगा गुणगुणतो, असे त्या दर वेळी सांगत. दुखणे कोठे आहे याची खूण त्या स्वतःच देत होत्या; ती ओळखणारे आमच्या घरात कोणी नव्हते. मेनिएरपाशी फ्लूरांससारखे प्रयोग नव्हते की बारानीसारखी तपासणीची रीत नव्हती. रोगी सांगतो त्याला काही अर्थ असेल, एवढे मात्र त्याने मानले. आपल्या घरी कोणी 'मला गरगरते' असे म्हणेल, तेव्हा वयाकडे वा पित्ताकडे बोट दाखविण्यापूर्वी कानाचीही विचारपूस करावी, एवढीच विनंती.