चेहऱ्याची व दंतपंक्तीची असममिती : ऑर्थोडॉन्टिक उपचारांच्या मर्यादांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मानवी चेहऱ्याच्या उजव्या व डाव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. अल्प प्रमाणातील ही असममिती नैसर्गिकच होय. मात्र हनुवटी एका बाजूस कललेली असणे किंवा वरच्या व खालच्या दातांच्या मध्यरेषा न जुळणे अशा स्वरूपात ती ठळक झाली, की दात सरळ केल्याने चेहराही सरळ होईल काय, असा प्रश्न रुग्णापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, याचा आढावा घेतला आहे.

दातांकडून जबड्याकडे :
फ्रान्समधील दंतवैद्य पिअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाकडे दात धातूच्या पट्टीला बांधून ओळीत आणण्याची पद्धत वर्णिली. १८६० मध्ये अमेरिकेतील इमर्सन एंजेल यांनी स्क्रूच्या साहाय्याने वरचा जबडा रुंद केल्याची नोंद केली. समकालीनांनी तीवर अविश्वास दाखविला. १९६१ नंतर अँड्र्यू हास यांच्या कार्यामुळे ही पद्धत पुन्हा रूढ झाली.

आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा पाया एडवर्ड अँगल यांनी घातला. १८९९ मध्ये त्यांनी पहिल्या कायम दाढेच्या आधारे दातांच्या जुळणीचे तीन वर्ग केले आणि दोष एकाच बाजूस असल्यास त्यासाठी उपवर्गही योजला. सर्व दात योग्य जुळणीत आणले, की चेहऱ्याची सुसंगती आपोआप साधते, अशी त्यांची धारणा होती. परंतु हे वर्गीकरण मुख्यतः दातांच्या पुढे-मागे असलेल्या संबंधाचे होते. डावे-उजवेपण त्यात गौण राहिले.

१९३१ मध्ये अमेरिकेत होली ब्रॉडबेंट व जर्मनीत हर्बर्ट होफ्राथ यांनी डोके स्थिर ठेवून प्रमाणित क्ष-किरण चित्रे घेण्याच्या पद्धती मांडल्या. त्यामुळे दातांमागील हाडांचे मोजमाप शक्य झाले. समोरून घेतलेल्या चित्रात दोन्ही बाजूंची तुलनाही करता येऊ लागली.

असममितीचे प्रकार व उपचार :
समीर बिशारा व सहकाऱ्यांनी १९९४ मधील आढाव्यात असममितीची दंतविषयक, अस्थिविषयक, स्नायुविषयक व कार्यविषयक अशी विभागणी केली. उपचारांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. एका बाजूचा दात लवकर पडून मध्यरेषा सरकली असल्यास तारांचे उपचार उपयोगी पडतात. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे मूल दात मिटताना खालचा जबडा एका बाजूस सरकवत असेल, तर वाढीच्या वयात जबडा रुंद केल्याने हा दोष बहुधा दूर होतो.

अस्थिदोष मात्र वेगळा आहे. जबड्याच्या एका सांध्याकडील वाढ अधिक झाल्यास हनुवटी विरुद्ध बाजूस ढकलली जाते. अशा एकतर्फी वाढीचे प्रकार ह्यूगो ओब्वेगेझर व मिरोस्लाव्ह मेकेक यांनी १९८६ मध्ये स्पष्ट केले. प्रौढ व्यक्तीतील असा ठळक दोष केवळ तारांनी नाहीसा होत नाही. येथे ओब्वेगेझर यांनीच १९५० च्या दशकात विकसित केलेली खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया महत्त्वाची ठरते. १९९२ मध्ये जोसेफ मॅकार्थी व सहकाऱ्यांनी जन्मतः अपुऱ्या वाढलेल्या जबड्याचे हाड हळूहळू लांबविण्याचा मार्ग दाखविला.

शस्त्रक्रियेमुळे ऑर्थोडॉन्टिक्सचे महत्त्व कमी झाले नाही. त्याचे कार्य बदलले. हाड वाकडे असले तरी दात कलून त्या दोषावर पांघरूण घालतात. शस्त्रक्रियेपूर्वी हे कललेले दात आपापल्या हाडावर सरळ केले जातात. या काळात चेहरा अधिक वाकडा भासू शकतो. रुग्णास याची पूर्वकल्पना देणे आवश्यक असते.

निष्कर्ष :
या इतिहासातून असे दिसते, की प्रगती केवळ नव्या साधनांनी झाली नाही. दोष दातांत आहे की हाडांत, हे ओळखण्याच्या क्षमतेनेही झाली. ऑर्थोडॉन्टिक उपचार दात हलवितात आणि वाढत्या वयात जबड्यास काही प्रमाणात वळण देतात. पूर्ण वाढलेल्या हाडाचा मोठा दोष ते एकट्याने सुधारू शकत नाहीत. म्हणूनच उपचारांपूर्वीचे अचूक निदान व मर्यादांची स्पष्ट कल्पना हा रुग्णाचा हक्क मानला पाहिजे.