मराठीसाठी एक स्लॉट

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या मदरबोर्डवर ५ स्लॉट होते. ते लगेच भरायचे: पडद्यासाठी एक कार्ड, फ्लॉपीसाठी दुसरं, मोडेम जोडायला तिसरं, मेमरी वाढवायची तर चौथं. १९८३च्या एक्सटीत स्लॉट ८ झाले. मग २० का केले नाहीत?

कारण हे सगळे स्लॉट एकाच बसवर, म्हणजे तारांच्या एकाच सामाईक जुडग्यावर असत. प्रत्येक नवं कार्ड त्या तारांवरचा भार वाढवतं आणि संकेत बिघडू लागतात. शिवाय ‘इकडे लक्ष दे’ असं प्रोसेसरला सांगणाऱ्या इंटरप्टच्या वाटा होत्या फक्त ८. त्यातल्या २ घड्याळ आणि कीबोर्डकडे. कार्डांना उरल्या ६. १९८४च्या एटीने एकूण आकडा १५ वर नेला. आमच्या नवेगाव बांधच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तळं कितीही मोठं असो, पाणी सोडायच्या वाटा मोजक्याच असतात.

या टंचाईत मराठीलाही जागा हवी होती. डॉसच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक घरात २५६ ठरावीक आकृत्यांपैकी एक. त्यात रोमन लिपी आरामात बसे. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं मावत नसत. यावर आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. ते स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या मजकुरी प्रोग्रॅममध्येही देवनागरी टाइप करता येई. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली.

हे काम मोठंच होतं. पण त्याची किंमत स्लॉटमध्ये मोजावी लागे. इंग्रजी यंत्रासोबतच यायची. मराठीसाठी वेगळे पैसे आणि मोजक्या जागांपैकी एक जागा द्यावी लागे. कचेरीत ती जागा कशाला द्यायची, हा निर्णय मग तांत्रिक राहत नसे.

पुढे युनिकोड आलं, विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय आली आणि तो स्लॉट मोकळा झाला. मराठी अवघड लिपी म्हणून कार्डावर गेली, असं आपण सहज म्हणतो. खरं तर २५६चा आकडा ठरवताना ती कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.