रोशा गवताच्या तेलाची हकीगत



आंबागडच्या किल्ल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण गेलेले असतील. देवगडचा राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजाखान पठाण याने हा किल्ला बांधला. आज मात्र किल्ल्याबद्दल नाही, त्याच्या उतारावरच्या गवताबद्दल सांगायचे आहे. कार्तिकात वर चढताना कमरेएवढे, लालसर तुऱ्याचे गवत अंगाला घासते आणि कपड्यांना गुलाबासारखा वास लागतो. ते रोशा गवत. कोणी त्याला तिखाडी म्हणतात. मला ते प्रथम एका म्हाताऱ्या गुराख्याने दाखवले. तुरा तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाला, "साहेब, हे जनावरं खातेत, पण दुधाले वास येते जी."

हीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरलेली आहे. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० ते १७९२ या काळात लढाई झाली. त्या वेळी जनरल क्लॉड मार्टिन नावाचा फ्रेंच माणूस इंग्रजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत होता. बालाघाटाच्या पठारावर गुरे एक वासाचे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही तो वास येतो, हे त्याने पाहिले. (हे बालाघाट म्हणजे आपल्या शेजारचा जिल्हा नव्हे, दक्षिणेतला घाटमाथा.) त्याने बी गोळा करून लखनौला नेले. म्हणून शास्त्रीय पुस्तकांत या गवताच्या नावात आजही 'मार्टिनी' आहे. आपल्या गुराख्यांचे नाव मात्र कुठल्या पुस्तकात नाही.

आता तेल म्हणजे काय ते आधी पाहू. जवस, तीळ, भुईमूग यांचे तेल घाणीतून निघते, कागदावर त्याचा डाग कायम राहतो. रोशा, गवती चहा, निलगिरी, लवंग, ओवा, वाळा यांचे तेल निराळे. ते पानात, फुलात, सालीत किंवा मुळात बारीक पिशव्यांत असते, वाफेबरोबर उडून येते आणि कागदावर ठेवले तर काही वेळाने नाहीसे होते. म्हणून त्याला उडते तेल किंवा सुगंधी तेल म्हणावे. ते काढण्याची आपल्या देशातली जुनी रीत म्हणजे डेग आणि भपका. कनोजचे अत्तरवाले आजही त्याच रीतीने अत्तर काढतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गुलाबपाणी करताना नूरजहानच्या आईला वर तरंगणारे तेल सापडले, असे बादशहा जहांगीर याने आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे.

रोशाचे तेल मात्र बादशहाच्या घरात निघाले नाही. ते खानदेशात, नेमाडात, मेळघाटात, बैतुलच्या रानात नाल्याकाठी निघाले. पाऊस संपला की भट्टीवाले नाला धरून बसत. मोठ्या डेगीत गवताच्या पेंढ्या आणि पाणी भरायचे, झाकण चिखलाने लिंपायचे, सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी काढून तिचे दुसरे तोंड नाल्याच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायचे. खाली लाकडाचा जाळ. वाफ थंड होऊन भांड्यात पाणी जमे आणि वर पिवळसर तेल तरंगे. गवत तळाला लागले तर तेलाला करपट वास येई, भाव उतरे. मेहनत आदिवासी आणि गरीब मजुरांची. तेल व्यापाऱ्याच्या पिंपात.

ही पिंपे मुंबईला जात. तिथून जहाजाने अरबस्तानच्या बंदरांना आणि पुढे तुर्कस्तानात, इस्तंबूलला. तुर्की लोक त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. तिथे ते लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत, म्हणजे रंग उतरून वास नरम होई. मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बल्गेरिया तेव्हा तुर्की अंमलात होता आणि तिथल्या कझानलिकच्या खोऱ्यात गुलाबाचे मळे होते. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. आपल्या रोशाच्या शंभर किलो गवतातून पाव ते अर्धा किलो तेल सहज निघते. फसवणूक का केली जाई ते यातच आले. आणि गंमत पहा, युरोपात या तेलाला नाव पडले 'तुर्की जिरॅनियम तेल'. माल आपल्या रानातला, नाव तुर्कांचे.

ही भेसळ खपत का होती? १८७१ मध्ये याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून जिरॅनिऑल नावाचा पदार्थ वेगळा केला. गुलाबतेलातही तो असतो. चांगल्या रोशा तेलात तो शंभरात पंचाहत्तर ते नव्वद भाग असतो. पुढे तपासण्या सुधारल्या, भेसळ पकडली जाऊ लागली, पण तोवर साबण आणि सुगंधी वस्तूंसाठी रोशा तेलाला स्वतःची मागणी आली होती. नंतर टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागले आणि भावाला पुन्हा धक्का बसला. आजही भाव वरखाली होतो, तो गृहीत धरू नये.

आता माझीच एक चूक सांगतो. रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, मोकळ्या उतारावर होतो, वास गुलाबाचा. सोफिया ओलसर, पाणी धरणाऱ्या जागी होतो, वास आल्यासारखा, भाव फार कमी. उभ्या गवतात दोघे सारखेच दिसतात. १९०९ मध्ये बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोन जातींवर लिहिले तेव्हा कुठे घोळ उलगडू लागला. हे मी पदवीच्या वेळी वाचले होते. तरीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बियाणेवाल्याच्या शब्दावर दोन कास्तकारांना बी घेऊन दिले. गवत झकास वाढले. तुरे चोळून पाहिले तर आल्याचा वास! तेल घ्यायला आलेला माणूस वास घेऊनच परत गेला. त्या दोघांनी मला शिव्या दिल्या नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. एक भाऊ एवढेच म्हणाले, "तुम्ही बी वास घेऊन पाह्यला असता तं बरं झालं असतं."

म्हणून लागवड करायची तर बी खात्रीच्या ठिकाणचेच घ्या. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियाच्या 'तृष्णा', 'तृप्ता', 'वैष्णवी' अशा जाती काढलेल्या आहेत. धानाच्या बांधीत हे गवत लावू नका, पाणी साचले की मरते. बरड, मुरमाड, उताराची जमीन त्याला चालते. मे-जूनमध्ये रोपवाटिका, महिना-सव्वा महिन्याने पाऊस धरून रोपे लावा. फुलोरा आल्यावर आठ-दहा दिवसांनी कापा. एकदा लावले की चार-पाच वर्षे पीक मिळते. पण सगळ्यात आधी दोन गोष्टी पहा : भट्टी जवळ आहे काय, आणि तेल घेणारा कोण. कापलेले गवत बैलगाडीत घालून लांब नेण्यात नफा उरत नाही. भट्टीत गवताखाली जाळी असावी, म्हणजे करपत नाही.

तेल विकत घेताना किंवा विकताना एक थेंब कोऱ्या कागदावर टाका. उडून गेले तर ठीक, डाग राहिला तर गोड्या तेलाची भेसळ समजा. रॉकेल मिसळले असेल तर नाकच सांगेल.

घरच्या वापराबद्दल बायाबापड्या विचारतात. सांधे दुखत असतील तर चार-पाच थेंब वाटीभर तिळाच्या तेलात घालून चोळावे. नुसते तेल कातडीला लावू नये, भाजल्यासारखे होते. पोटात घेऊ नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे. दाढेला लवंगतेल लावताना ते कापसावर घेऊन हळूच टेकवावे. गवती चहा मात्र खुशाल उकळून प्या, आणि बोडीच्या पाळीवर वाळा असेल तर त्याच्या मुळांची जुडी उन्हाळ्यात माठात टाका.

आपल्या शिवारातल्या गवताची जात ओळखायची असेल तर कार्तिकात फुललेले दोन-चार तुरे कागदात गुंडाळून आमच्या कार्यालयात आणा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, वास कोंदटतो आणि मग मलाही काही सांगता येत नाही.